डाग खाली, दोष वर : जुन्या गाडीची ऑइल गळती घरच्या घरी

जुन्या गाडीखाली अंथरलेला पुठ्ठा ही आपल्यापैकी बऱ्याच घरांतली ओळखीची वस्तू आहे. गाडी बाबांची किंवा काकांची असते, वय वीस-पंचवीस वर्षं. ती रोज चालत नाही, पण विकायचं कुणाच्या मनात येत नाही. पुठ्ठ्यावर काळे ठिपके पडत राहतात, अधूनमधून पुठ्ठा बदलला जातो आणि "जुनी गाडी म्हटल्यावर थोडं ऑइल गळणारच" या वाक्यावर विषय संपतो.

हे वाक्य अर्धंच खरं आहे. रबर आणि पॅकिंग जुनं होतं, कडक होतं, हे खरं. पण गळती नेमकी कुठून होते ते शोधता येतं, आणि नेहमी दिसणाऱ्या गळत्यांपैकी काही घरच्या पान्यांनी थांबवताही येतात. यात अवघड काय असेल, तर बोल्ट खोलणं नव्हे, बरोबर जागा शोधणं. म्हणून या लेखात पाना हातात घेण्याआधीच्या कामाबद्दल जास्त लिहिलं आहे.

थेंबाकडे लक्ष का द्यायचं?

मारुती ८०० सारख्या छोट्या गाडीच्या इंजिनात मुळात तीन लिटरच्या आसपासच ऑइल असतं. बहुतेक गाड्यांत डिपस्टिकवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. म्हणजे काटा खालच्या खुणेवर आला, तेव्हा एक तृतीयांश ऑइल गेलेलं असतं. गावातल्या गावात गाडी फिरते तोवर हे जाणवत नाही. पण तीच गाडी घेऊन आपण चोर्ला घाटातून गोव्याला निघतो. चढावर आणि वळणांवर चेंबरमधलं ऑइल एका बाजूला सरकतं, पंपाच्या तोंडाशी ऑइलऐवजी हवा येऊ शकते, आणि बेअरिंगला काही क्षण ऑइल मिळत नाही. इंजिनाची मोठी कामं निघतात ती अशी.

दुसरा धोका आगीचा. वरच्या बाजूने झिरपणारं ऑइल सायलेन्सरच्या इंजिनाजवळच्या तापलेल्या भागावर पडलं की जळका वास येतो, बॉनेटच्या फटीतून धूर दिसतो. हा वास येत असेल तर दुरुस्ती पुढच्या महिन्यावर ढकलू नये.

आणि एक नियम घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला माहीत हवा. चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला, तर पुढचा पेट्रोल पंप गाठायचा नाही. जागा सुरक्षित बघून गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन लगेच बंद करायचं. हा दिवा ऑइलचं प्रेशर गेल्याचं सांगतो. तो लागतो तेव्हा वेळ बहुधा टळत आलेली असते.

आधी कळू दे, गळतंय काय

गाडीखालचा प्रत्येक डाग इंजिन ऑइलचा नसतो. रात्री गाडीखाली स्वच्छ पांढरा पुठ्ठा किंवा जुनं वर्तमानपत्र टाका, पुढच्या चाकांची जागा खडूने आखा आणि सकाळी बघा.

तपकिरी किंवा काळं, बोटाला गुळगुळीत लागणारं ते इंजिन ऑइल. जास्त दाट आणि गंधकासारखा उग्र वास असलेलं ते गिअर ऑइल. हिरवट किंवा लालसर, पाण्यासारखं पातळ आणि वासाला किंचित गोडसर ते कूलंट. एसी लावून आल्यावर पडलेलं साधं पाणी असेल तर काळजीचं कारण नाही.

चौथा प्रकार मात्र गंभीर आहे. पातळ, फिकट पिवळसर आणि चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेकच्या पेडलजवळ दिसणारं द्रव ब्रेक ऑइल असू शकतं. अशी शंका आली तर गाडी हलवू नका. मेस्त्रींना घरी बोलवा.

गळती शोधायची रीत

ऑइल उगमापाशी थांबत नाही. ते गुरुत्वाकर्षणाने खाली येतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. वरच्या कव्हरमधून निघालेला ओघळ इंजिनाच्या अंगावरून, ब्रॅकेटवरून, एखाद्या वायरवरून वाट काढत शेवटी तळाच्या एखाद्या बोल्टच्या टोकाला थेंब होऊन लोंबतो. आपल्याला दिसतो तो शेवट.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. प्रोग्रॅम ज्या ओळीवर कोसळतो, तिथेच चूक असते असं नाही. चूक बरीच वर, आधीच कुठेतरी झालेली असते. इंजिनातही तपास वरून खाली करायचा आणि एका वेळी एकच बदल करायचा.

पहिलं काम धुण्याचं. वर्षानुवर्षं साचलेल्या तेलमातीच्या थरावर ताजी गळती दिसत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना डिग्रीझर मारून, जुन्या ब्रशने घासून फडक्याने पुसून घ्या. जोराच्या पाण्याची नळी वापरू नका. डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर आणि वायरींचे जोड यांत पाणी गेलं तर गाडी सुरूच होणार नाही. हे भाग प्लास्टिकच्या पिशवीने झाका.

दुसरं काम पावडरचं. अंग कोरडं झालं की संशयाच्या सांध्यांखाली साधी टाल्कम पावडर भुरभुरा. पाच-सात किलोमीटर फिरून या, इंजिन बंद करा आणि टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरवर ओला पट्टा स्पष्ट उमटतो. त्या पट्ट्याचं सर्वांत वरचं टोक म्हणजे उगम. टोक सापडत नसेल तर पुन्हा पुसा, पुन्हा पावडर टाका. इंजिन चालू असताना फिरत्या पट्ट्याजवळ हात, ओढणी, गळ्यातली चेन किंवा सैल बाही नेऊ नका.

नेहमीच्या संशयाच्या जागा वरून खाली अशा येतात : ऑइल भरायचं झाकण, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, ऑइल प्रेशरचा स्विच, ऑइल फिल्टरची रबरी रिंग, चेंबरचं पॅकिंग आणि शेवटी चेंबरचा ड्रेन बोल्ट. यांतल्या स्विच आणि फिल्टरपाशी ऑइल दाबाखाली असतं, म्हणून तिथली गळती जोरात असते. टॅपेट कव्हरखाली ऑइल नुसतं उडत आणि ओघळत असतं, तिथे हळूहळू झिरपतं.

गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली होती तेव्हा

हे सगळं किती कामाचं आहे, याचा अनुभव आमच्या काकांच्या मारुती ८०० ने दिला. पहिल्या मारुती ८०० ची चावी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्यामुळे आज रस्त्यावर असलेली प्रत्येक ८०० ही जुनी गाडीच आहे. काकांची कार्ब्युरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडरची. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात, त्या सांध्याच्या तळातून थेंब पडत होते.

एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या मेस्त्रींनी खालून बघितलं आणि सांगितलं, "काका, मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागतोय बघा. उतरवलाच आहे तर क्लच पण टाकून घेऊया."

निदान अगदीच चुकीचं म्हणता येणार नाही. क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं तर थेंब नेमके तिथेच पडतात. पण खर्चाचा आकडा ऐकून काका घरी आले ते गाडी भंगारात द्यायच्या विचारानेच. "एवढ्यात सेकंड हँड स्कूटर येत्येय की रे," असं म्हणाले. एकतीस तारखेला घरात कुणाला काही सुचत नाही तशी घराची अवस्था झाली, कारण त्या गाडीत काकूंनी ड्रायव्हिंग शिकलेलं आहे आणि दोन्ही चुलत बहिणी कॉलेजला गेलेल्या आहेत.

मी म्हटलं, "काका, भंगारवाल्याला नंतर फोन करा. एक रविवार मला द्या."

८०० च्या या इंजिनात डिस्ट्रिब्युटर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला असतो. म्हणजे टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा आणि डिस्ट्रिब्युटर, दोन्ही बरोबर त्या सांध्याच्या डोक्यावर येतात. तिथून निघालेलं ऑइल मागच्या भिंतीवरून ओघळत सांध्याच्या तळाशीच जमणार. खालून बघणाऱ्याला ते मागच्या सीलसारखंच दिसणार.

शनिवारी इंजिन धुतलं. रविवारी सकाळी पावडर टाकून काकांनी गाडी उद्यमबागेपर्यंत नेऊन आणली. बॉनेट उघडल्यावर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यापासून एक बोटभर रुंदीचा ओला पट्टा सरळ खाली गेलेला दिसला. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशीही ओलं होतं, पण ते तिथलंच की वरून आलेलं, हे कळत नव्हतं. म्हणून आधी फक्त टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. डिस्ट्रिब्युटरला हात लावला नाही, कारण तो सैल केला की इग्निशनचं टायमिंग हलतं आणि ते पुन्हा लावावं लागतं. पॅकिंग बदलल्यावर पुन्हा पुसलं, पुन्हा पावडर टाकली. डिस्ट्रिब्युटर कोरडा राहिला.

जुनं पॅकिंग हातात घेतलं तर ते रबर राहिलंच नव्हतं. वाकवताच काडीसारखं मोडलं. नव्याची किंमत घरी मागवलेल्या एका पिझ्झापेक्षा कमी होती.

पॅकिंग बदलताना

हे काम एका सकाळचं आहे. साहित्य थोडंच लागतं : रिंग पाने किंवा सॉकेटचा सेट, नवं पॅकिंग, बोल्टखालचे नवे रबरी वॉशर, प्लास्टिकची पट्टी, स्वच्छ सुती फडकी, हातमोजे आणि थोडा इंजिन ऑइलसाठी चालणारा सिलिकॉन सीलंट. पॅकिंग घेताना गाडीचं वर्ष आणि मॉडेल सांगा. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळी इंजिनं आली आहेत. शक्य असेल तर जुनं पॅकिंग दुकानात नेऊन मिळवून बघा.

इंजिन थंड असू दे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एअर फिल्टर आणि आड येणारे पाइप काढण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो घ्या. प्रत्येक पाइपला कागदी टेपची चिठ्ठी लावा. व्हॅक्यूमचा एक बारीक पाइप चुकीच्या जागी बसला तर दुसऱ्या दिवशी नवाच दोष शोधत बसावं लागतं.

कव्हर काढण्याआधी त्याच्या भोवतालची माती पुसून घ्या, नाहीतर ती आत पडते. बोल्ट एकदम पूर्ण न काढता प्रत्येकाला थोडंथोडं सैल करा. कव्हर चिकटून बसलं असेल तर फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. तिथे ओरखडा पडला तर नवं पॅकिंगही गळेल. लाकडी ठोकळ्याने बाजूने हलकेच ठोका, सुटतं.

जुन्या पॅकिंगचे तुकडे प्लास्टिकच्या पट्टीने काढा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, लोखंडी पातं त्याला चरे पाडतं. एकही तुकडा आत पडता कामा नये. दोन्ही पृष्ठभाग पूर्ण कोरडे, तेलाचा अंशही नसलेले हवेत. कव्हर पत्र्याचं असेल तर स्टीलची पट्टी कडेवर धरून बघा. पूर्वी कुणी बोल्ट जास्त आवळले असतील तर भोकाभोवतीचा पत्रा दबलेला दिसतो. तो लाकडावर ठेवून हलक्या हाताने सपाट करून घ्या.

सिलिकॉनबद्दल दोन शब्द. "पॅकिंगला सगळीकडे सिलिकॉन फासा, गळायचं नावच नको" हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. दाबल्यावर जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूलाही बाहेर येतं, त्याचे दोरे तुटून ऑइलमध्ये पडतात आणि पंपाच्या जाळीत अडकू शकतात. गळती थांबवायला जाऊन इंजिनाचा ऑइल पुरवठाच अडेल. जिथे दोन भागांचा जोड पॅकिंगखाली येतो, अशा कोपऱ्यांवर मुगाच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो. नळीवर लिहिलेला सुकण्याचा वेळ पूर्ण द्या.

बोल्ट आवळताना मधून सुरुवात करून बाहेरच्या टोकांकडे जा, आणि दोन-तीन फेऱ्यांत आवळा. इथे ताकद लागत नाही. लहान गाड्यांत या बोल्टचा टॉर्क साधारण ५ ते १० न्यूटन-मीटर असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळतो. टॉर्क रेंच नसेल तर पान्याचं डोकं तळहातात धरून फक्त मनगटाने आवळा. रबर दाबलं गेलं आणि बोल्ट टेकला की थांबा. अ‍ॅल्युमिनियममधले आटे एकदा गेले की काम टर्नरकडे जातं.

सगळं जोडून झालं की ऑइलची पातळी बघा, इंजिन दहा मिनिटं जागच्या जागी चालवा आणि सांध्यांवर टॉर्च फिरवा. शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा बघा.

गळती परत का येते?

नवं पॅकिंग दोन-तीन महिन्यांत पुन्हा गळू लागलं तर पॅकिंगला दोष देऊ नका. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये येतो. त्याला बाहेर पडायला ब्रीदर पाइप असतो. तो टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरकडे किंवा इनटेककडे जातो, काही गाड्यांत त्यात छोटा पीसीव्ही व्हॉल्व्हही असतो. हा मार्ग काजळीने तुंबला की आतला दाब वाढतो आणि सर्वांत कमजोर सांध्यातून ऑइल बाहेर ढकललं जातं. म्हणून पॅकिंग बदलताना ब्रीदर पाइप काढून साफ करायचाच. व्हॉल्व्ह हलवल्यावर आत खुळखुळ आवाज आला तर तो मोकळा आहे. आवाज नसेल तर साफ करा किंवा बदला.

दुसरं कारण जास्त ऑइल. "थोडं वर असू दे" म्हणून खुणेच्या वर भरलेलं ऑइल उपयोगाचं नसतं, त्रासाचं असतं. तिसरं कारण गळती लपवण्यासाठी दाट ग्रेडचं ऑइल भरणं. थेंब कमी होतील, पण सकाळी थंड इंजिनात ते वरपर्यंत पोचायला वेळ लावेल. मॅन्युअलमध्ये सांगितलेलीच ग्रेड वापरा.

ड्रेन बोल्टची गळती मात्र बहुतेकदा फक्त वॉशरची असते. हा वॉशर दबून आकार घेतो, म्हणून प्रत्येक ऑइल बदलीला नवा टाकायचा. बोल्ट आणखी आवळत जाणं हा उपाय नव्हे. स्कूटर-मोटरसायकललाही हेच लागू आहे. तिथे टॅपेटच्या टोप्यांच्या ओ-रिंगा आणि बाजूच्या कव्हरचं पॅकिंग या नेहमीच्या जागा. मागच्या चाकाकडे ऑइल उडत असेल तर टायर आणि ब्रेक कोरडे झाल्याशिवाय दुचाकी बाहेर काढू नका.

कुठे थांबायचं?

क्रँकचं मागचं सील खरंच गेलं असेल तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. पुढचं सील टायमिंग बेल्टच्या मागे असतं, बेल्ट एक दाता चुकला तरी इंजिनाचं काम बिघडतं. हेड गॅस्केट गेलं तर ऑइल-पाण्याची भेसळ होते आणि झाकणाखाली दुधट फेस दिसतो. ही तिन्ही कामं मेस्त्रींची. ऑइलचं झाकण काढल्यावर चालू इंजिनातून जोरात धूर उसळत असेल तर रिंगा झिजल्या असण्याची शक्यता आहे, तिथे पॅकिंगने काही होणार नाही.

गाडीखाली जायचंच असेल तर नुसत्या जॅकवर किंवा विटांवर विसंबून कधीही जाऊ नका. सपाट फरशी, हातब्रेक, चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर आणि लोखंडी घोडी, हे चारही असल्याशिवाय डोकं आत घालायचं नाही. घरी घोडी नसेल तर ड्रेन बोल्टचं काम गॅरेजच्या खड्ड्यावर करून घ्या. वरची कामं घरी केलीत तरी पुष्कळ झालं.

जळक्या ऑइलचं काय करायचं, हाही कामाचाच भाग आहे. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडतं. ते गटारात, परसात किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही, वाळवीसाठी लाकडाला फासायचंही नाही. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जिथे जुनं ऑइल रीतसर गोळा होतं अशा गॅरेजमध्ये द्या. अंगाला लागलं तर साबणाने धुवा. वर्षानुवर्षं त्वचेला लागत राहिलेलं जळकं ऑइल आरोग्याला घातक असतं.

शेवटी मेस्त्रींविषयी. घरी तपास केला म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवला, असं नाही. दिवसाला दहा गाड्या बघणाऱ्या माणसाला इंजिन धुऊन, पावडर टाकून, दोन दिवस वाट बघायला वेळ नसतो. तो वेळ आपल्याकडे असतो. ओल्या पट्ट्याचा फोटो घेऊन गेलात आणि "मेस्त्री, इथून सुरू होतंय, तुम्ही बघून सांगा," म्हणालात, तर बोलणं वेगळ्या पातळीवर होतं. काकांनी तेच केलं. त्याच मेस्त्रींना फोटो दाखवले. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आता डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग पण आणून ठेवा. पुढच्या ट्यूनिंगला टाकू, टायमिंग मी लावून देतो."

गाडीच्या कप्प्यात आता एक छोटी वही आहे. कोणत्या किलोमीटरला काय बदललं, ऑइल किती टाकलं आणि डिपस्टिकवर काटा कुठे होता, एवढंच त्यात लिहायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबून डिपस्टिक बघायची आणि नोंद करायची. हे काम सध्या धाकट्या चुलत बहिणीकडे आहे. पुढच्या वेळी ऑइल कमी झालं तर ते कधीपासून, हे तिला त्या वहीत सापडेल.